सर्वगुणी शिकारी कुत्रा: लर्चरच्या निवडीचा आढावा

ब्रिटन आणि आयर्लंडच्या ग्रामीण भागात शिकारी कुत्र्यांचा विषय निघाला, की एका प्रश्नावर हमखास वाद होतो. घरात एकच कुत्रा ठेवायचा आहे. त्याने दिवसा बिळांवर काम करावं, रात्री दिव्याच्या झोतात ससा धरावा, धरलेला ससा न फाडता हातात आणून द्यावा, मेंढरांकडे ढुंकूनही पाहू नये आणि घरी पोराबाळांत शांतपणे राहावं. असा कुत्रा कोणत्या रक्ताचा? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: लर्चर. खरा वाद त्यानंतर सुरू होतो, कारण लर्चर ही जात नव्हे. ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी, डिअरहाउंड हे नजरेच्या बळावर धावून शिकार करणारे कुत्रे. त्यांचा संकर मेंढपाळी कुत्र्याशी किंवा टेरिअरशी झाला, की होणारं पिल्लू लर्चर. आईबाप दोन्ही वेगवान जातींचे असतील, तर त्याला लाँगडॉग म्हणतात. केनेल क्लबच्या नोंदवहीत लर्चरला जात म्हणून स्थान नाही. त्याची उंची, रंग, केस काहीच ठरलेलं नाही. त्यामुळे लर्चर घेणारा माणूस खरं तर रक्ताचं प्रमाण निवडत असतो.

या निवडीवर ब्रिटनमध्ये भरपूर लिहिलं गेलं आहे. ब्रायन प्लमर यांचं ‘द कम्प्लीट लर्चर’ हे 1979 मधलं पुस्तक त्यातलं सर्वांत गाजलेलं. पण बहुतेक चर्चा ‘कोणता संकर सर्वांत वेगवान, कोणता सर्वांत काटक’ इथेच अडकते. माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच तिथे चुकते. कुत्र्याने काय धरायचं, कोणत्या जमिनीवर धरायचं आणि कायदा काय धरू देतो, हे आधी ठरायला हवं. रक्ताचा विचार त्यानंतर.

चुलीसाठी घडलेला कुत्रा

दोन सशांमधला फरक इथेच सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ब्रिटनमध्ये दोन प्रकारचे ससे आहेत. रॅबिट बिळं करून समूहाने राहतो आणि चाहूल लागताच जवळच्या बिळाकडे पळतो. त्याची धाव छोटी असते. हेअर उघड्या रानात एकटा राहतो. आपल्या रानसशाचा तो भाऊबंद. तो बिळात शिरत नाही. वेग, दम आणि अचानक मारलेली वळणं यांवर तो जीव वाचवतो.

हेअरच्या मागे ग्रेहाउंड सोडणं, म्हणजे कोर्सिंग, हा फार जुना खेळ. दुसऱ्या शतकात ग्रीक लेखक एरियनने या कुत्र्यांवर ग्रंथ लिहिला. खऱ्या शौकिनाला ससा मरण्यापेक्षा शर्यत पाहण्यात आनंद असतो, असं त्याचं म्हणणं होतं. इंग्लंडमध्ये तो जमीनदारांचा खेळ झाला. लॉर्ड ऑरफर्ड यांनी 1776 मध्ये नॉरफोकमधल्या स्वॉफमला कोर्सिंगची संस्था काढली, आणि 1836 पासून लँकशरमधल्या ऑल्टकारला वॉटर्लू कपच्या शर्यती सुरू झाल्या.

लर्चरचा वंश या मैदानावरचा नाही. जॉन कीझ या इंग्रज वैद्याने 1570 मध्ये लॅटिनमध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने मालकाच्या हुकमावर रात्री गुपचूप रॅबिट धरणाऱ्या एका ‘चोरट्या’ कुत्र्याचं वर्णन केलं आहे. एका शतकानंतर, 1671 च्या शिकार कायद्यात लर्चरचं नावच आलं. वर्षाला 100 पौंड उत्पन्न देणारी मालकीची जमीन ज्याच्याकडे नाही, त्याने बंदूक, जाळी, बिळातून रॅबिट हुसकणारा फेरेट, ग्रेहाउंड आणि लर्चर बाळगू नये, असं त्या कायद्याने बजावलं. म्हणजे तोवर हा कुत्रा इतका रुळला होता, की सरकारला त्याला वेगळा मोजावा लागला. विल्यम काउपर या कवीने 1785 मध्ये ‘द टास्क’ या काव्यात हिवाळ्यातल्या लाकूडतोड्यासोबत अर्धा लर्चर असलेला कुत्रा चालवला आहे. टॉमस ब्यूइकने 1790 च्या आपल्या प्राणिग्रंथात लर्चरला ग्रेहाउंडहून लहान, दणकट, दाट केसांचा आणि चांगल्या नाकाचा म्हटलं आहे.

या नोंदी एकत्र वाचल्या, की मूळच्या लर्चरचं चित्र स्पष्ट होतं. तो मध्यम आकाराचा, चकार आवाज न करणारा, इशाऱ्यावर चालणारा आणि गरिबाच्या चुलीसाठी मांस आणणारा कुत्रा होता. शर्यत जिंकणं त्याच्याकडून कोणी मागितलंच नव्हतं. 1880 च्या ग्राउंड गेम कायद्याने कुळांना आपल्या शेतातले ससे मारण्याचा हक्क मिळाला. तेव्हा चोरट्याचा म्हणून बदनाम झालेला हा कुत्रा उजळ माथ्याने शेतावर काम करू लागला.

कोणत्या रक्ताने काय येतं

ग्रेहाउंड ताशी 65 ते 70 किलोमीटर वेगाने धावतो, पण तो वेग अगदी थोडाच वेळ टिकतो. कातडी पातळ, केस आखूड, अंगावर चरबी जवळजवळ नाही. काटेरी तार, दगडी बांध, थंड पाऊस यांत तो लवकर जखमी होतो. शिवाय पिढ्यानपिढ्या फक्त धावण्यासाठी निवडल्यामुळे स्वतःहून विचार करण्याची सवय त्याला कमी. दुसऱ्या रक्ताने या उणिवा भरून काढायच्या असतात. संकराचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

पहिला मान कॉलीचा. बॉर्डर कॉली मेंढरं वळवतो ती शिकारीच्याच प्रवृत्तीवर; फक्त शेवटचा घाव घालण्याआधी थांबायला त्याला शेकडो वर्षांच्या निवडीने शिकवलेलं असतं. त्यामुळे कॉली-ग्रेहाउंड संकरात ऐकण्याची वृत्ती, दम, घट्ट पंजे आणि हवामान सोसणारे केस येतात. असा कुत्रा एकदा हुकलेला रॅबिट कोणत्या कुंपणाखालून जातो ते लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या वेळी वाट अडवतो. उणीव अशी, की कॉलीचं रक्त जास्त झालं तर तो धरण्याऐवजी वळवू लागतो किंवा नाक जमिनीला लावून रेंगाळतो. शिवाय असा कुत्रा मनाने हळवा असतो. खडसावून शिकवू पाहणाऱ्याच्या हाती तो बिघडतो.

दुसरी जुनी आणि भरवशाची जोडी म्हणजे बेडलिंग्टन टेरिअर आणि व्हिपेट. बेडलिंग्टन हा नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांचा टेरिअर. तो दिसतो कोकरासारखा, पण कामाला भिडला की मागे हटत नाही. व्हिपेट जेमतेम 18 ते 20 इंच उंच, पण ताशी 55 किलोमीटरच्या आसपास धावणारा. दोघांचं पिल्लू छोट्या घरात मावतं, कमी खातं, झुडपांत घुसतं आणि पहिल्या काही ढांगांतच पूर्ण वेग घेतं. छोट्या वावरांच्या आणि दाट कुंपणांच्या भागात रॅबिटसाठी याहून सोयीचा कुत्रा सापडणं कठीण. मात्र मोठ्या मोकळ्या माळावर तो कमी पडतो आणि टेरिअरचा हट्ट त्याच्यात उतरतोच.

सालुकीचा संकर याच्या अगदी उलट. वाळवंटात मैलोन्‌मैल धावण्यासाठी घडलेल्या या कुत्र्याचा दम अफाट. लिंकनशर, केंब्रिजशरच्या सपाट, बिनकुंपणाच्या शेतांत लांब पल्ल्याने पळणाऱ्या हेअरमागे सालुकी-ग्रेहाउंड लाँगडॉग चाले. पण हाकेला तो सवडीने येतो आणि धरलेलं हातात आणून देण्यात त्याला रस नसतो. डिअरहाउंडचं रक्त उंची, खरखरीत केस आणि सौम्य स्वभाव देतं. मूळ डिअरहाउंड नर किमान 30 इंच उंच असतो, तो हरणासाठी घडलेला. एवढा मोठा देह रॅबिटमागे गर्रकन वळत नाही. बुल टेरिअरच्या रक्ताचा हेतू धाडस आणि सोशिकपणा हा. लॉर्ड ऑरफर्ड यांनी अठराव्या शतकातच ग्रेहाउंडमध्ये बुलडॉगचं रक्त घातलं होतं. पण कोल्ह्या-हरणाशी भिडण्यासाठी घातलेलं धाडस रॅबिटच्या कामात निरुपयोगी ठरतं, आणि दुसऱ्या कुत्र्यांशी भांडणं मात्र वाढतात.

अर्धं रक्त की पाव?

पहिल्या संकरात प्रत्येक पिल्लाला आईचं आणि बापाचं रक्त निम्मं-निम्मं येतं, म्हणून एका वेतातली पिल्लं बऱ्यापैकी सारखी निघतात. अर्ध्या कॉलीचा वेग पुष्कळांना कमी वाटतो. मग ते त्याला पुन्हा ग्रेहाउंडशी जोडतात. तीन भाग ग्रेहाउंड आणि एक भाग कॉली हे प्रमाण ब्रिटनमध्ये फार लोकप्रिय आहे. त्यात वेग वाढतो, पण कॉलीची अक्कल आणि केस कोणत्या पिल्लात किती उतरतील हे सांगता येत नाही. संकराला संकर जोडला, की फरक आणखी वाढतो. एकाच वेतात एक पिल्लू ग्रेहाउंडच्या वळणाचं आणि दुसरं मेंढपाळी कुत्र्याच्या वळणाचं निघतं.

म्हणून जाणकार नुसतं प्रमाण विचारत नाहीत. आईबाप प्रत्यक्ष कामावर कसे आहेत ते पाहतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या कॉलीने कधी मेंढरू पाहिलं नाही आणि ज्या ग्रेहाउंडला फक्त तो स्वस्तात मिळाला म्हणून जोडलं, त्यांच्या पिल्लाला नुसत्या नावाच्या जोरावर काम येणार नाही.

‘संकर म्हणजे निरोगी’ ही समजूतही पूर्ण खरी नाही. एखादा दोष आईबापांपैकी एकाच जातीत असेल, तर पहिल्या संकरात तो बहुधा दबतो. पण संकर पुन्हा त्याच जातीकडे नेला, तर तो डोकं वर काढतो. काही बेडलिंग्टनांच्या यकृतात तांबं साचतं; हा आनुवंशिक दोष वाहणारे दोन कुत्रे जोडले, की पिल्लाला आजार होऊ शकतो. कॉलीच्या काही वंशांत एका जनुकातल्या बदलामुळे आयव्हरमेक्टिनसारखी औषधं मोठ्या मात्रेत घातक ठरतात. ग्रेहाउंडच्या रक्ताच्या कुत्र्याला भूल देताना पशुवैद्याला जपावं लागतं, कारण अंगात चरबी कमी असल्याने काही भूल-औषधांचा अंमल लांबतो. व्हिपेटमध्ये स्नायूंची वाढ आवरणाऱ्या जनुकात एक बदल आढळतो. त्याची एक प्रत असली तर कुत्रा अधिक वेगवान होतो, दोन असल्या तर स्नायू बेढब फुगतात. 2007 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. वेगाची हाव किती ताणावी, याचं उत्तर त्या फुगलेल्या कुत्र्याकडे पाहून मिळतं.

बिळावर आणि दिव्यामागे

सर्वगुणी कुत्र्याची खरी पारख फेरेटच्या कामात होते. फेरेट हा मुंगसाएवढा, माणसाळलेला, बिळात शिरून रॅबिटला बाहेर हुसकणारा प्राणी. हा उद्योग शरद ऋतू सरल्यापासून वसंताच्या तोंडापर्यंत चालतो. तेव्हा झाडोरा सुकलेला असतो आणि बिळांत पिल्लं फारशी नसतात. बांधाच्या कडेने जाताना कुत्रा प्रत्येक बिळाशी क्षणभर थांबतो. रिकामं बीळ असलं तर पुढे जातो. आत रॅबिट असला, की त्याचं सगळं अंग ताठ होतं, डोकं एका बाजूला कलतं, एखादा पुढचा पाय वर राहतो. तो भुंकत नाही, उकरत नाही. वर धडपड झाली तर आतला रॅबिट बाहेर निघण्याऐवजी आतच दबून बसेल. मालक बिळांच्या तोंडांवर छोटी जाळी अंथरतो, मग फेरेट सोडतो. कुत्र्याने जाळ्यावर झेप घ्यायची नाही, फेरेटला इजा करायची नाही. जाळी चुकवून निसटलेला रॅबिट तेवढा गाठायचा. इतका संयम नुसत्या वेगवान रक्तातून येत नाही. पिल्लू असल्यापासून फेरेटच्या संगतीत वाढवावं लागतं.

रात्रीचं काम वेगळं. काळोखी, वाऱ्याची रात्र त्यासाठी चांगली. चांदण्यात रॅबिट दुरूनच चाहूल घेतो. दिव्याच्या झोतात रॅबिट दबून बसतो किंवा कुंपणाकडे पळतो, आणि कुत्रा झोताच्या रेषेत सुटतो. पकडला नाही तर काळोखात भटकत न राहता त्याने सरळ मालकाकडे परतायचं असतं. न ऐकणाऱ्या कुत्र्याचं नुकसान इथेच होतं. पूर्ण वेगात तारेत शिरणं, पंजाचं बोट निखळणं, घोट्याचं हाड मोडणं या लर्चरच्या नेहमीच्या जखमा. वेग जितका अधिक, जखम तितकी खोल. हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभराचा होईपर्यंत, त्याला जोरात पळवू नये हा नियम त्यामुळेच.

मेंढरांची शिस्त तर पहिल्या दिवसापासून लागते. ब्रिटनमध्ये 1953 पासून जनावरांना त्रास देणाऱ्या कुत्र्याबद्दल स्वतंत्र कायदा आहे, आणि कळप वाचवण्यासाठी शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातल्याची उदाहरणं अजूनही घडतात. मेंढराकडे वळणारा कुत्रा कितीही गुणी असला, तरी शेतावर त्याला जागा नाही.

कायद्याने बदललेलं मैदान

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 चा हंटिंग कायदा 18 फेब्रुवारी 2005 पासून लागू झाला आणि वॉटर्लू कप त्याच वर्षी शेवटचा झाला. हेअर, कोल्हा, हरीण यांच्यामागे कुत्रे घालून मारणं बेकायदा ठरलं. त्याला असलेल्या सवलती मोजक्या आणि काटेकोर अटींच्या आहेत. उंदीर-घुशी आणि रॅबिट मात्र जमीनमालकाच्या परवानगीने कुत्र्याकरवी धरता येतात. 1954 च्या कायद्याने तर आपल्या जमिनीवरचे रॅबिट आटोक्यात ठेवणं ही तिथल्या कास्तकाराचीच जबाबदारी ठरवली आहे. स्कॉटलंडचा 2023 चा कायदा याहून कडक आहे. तिथे रॅबिटलाही संरक्षण मिळालं असून कुत्र्याने स्वतः तो मारणं चालत नाही. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात हेअर कोर्सिंग परवान्याने चालतं, पण 1993 पासून ग्रेहाउंडला मुसकी बांधावी लागते.

तरीही सट्ट्यासाठी चोरून हेअर पळवणाऱ्या टोळ्या पूर्व इंग्लंडमध्ये आहेत. पिकं तुडवली जातात, शेतकऱ्यांना धमकावलं जातं. लिंकनशर पोलिसांची ‘ऑपरेशन गॅलिलिओ’ ही मोहीम याच टोळ्यांविरुद्ध आहे. 2022 च्या कायद्याने शिक्षा सहा महिने कैदेपर्यंत वाढवली आणि कुत्रे सांभाळण्याचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याचा, त्याला कुत्रा पाळण्यास मनाई करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. या टोळ्यांच्या हातातला कुत्रा हरला किंवा जखमी झाला, की तो रस्त्यावर येतो. ब्रिटनच्या आश्रयगृहांत ग्रेहाउंड आणि लर्चर इतक्या संख्येने येतात, की त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था चालवाव्या लागतात.

भक्ष्यही घटलं आहे. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ ब्रिटनमध्ये शिरली आणि तिने तिथले बहुतेक रॅबिट संपवले. पुढे संख्या सावरली, पण 1990 च्या दशकापासून रक्तस्रावी ज्वराने पुन्हा घट केली. म्हणजे कायदा आणि रोग यांनी मिळून लर्चरला त्याच्या मूळ कामावर आणून सोडलं आहे: परवानगीच्या जमिनीवर, मोजके रॅबिट, शांतपणे. हेअरसाठी हवा असलेला वेग आणि हरणासाठी हवा असलेला देह यांचं ब्रिटनमध्ये कायदेशीर काम आता जवळजवळ उरलेलं नाही.

आपल्या बाजूला

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध आहे, पण तो शिकारीचा नव्हे. लातूर-सोलापूरकडे पाळला जाणारा कारवानी, त्याचा लांब केसांचा पश्मी प्रकार, सीमेपलीकडचा मुधोळ हे सगळे नजरेने धावणाऱ्या कुत्र्यांच्या घराण्यातले. मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयी मेंढपाळी कुत्र्यावर 2005 मध्ये टपाल खात्याने तिकिटंही काढली. रामपूर हाउंड तर नबाबाने अफगाणी कुत्रा आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून घडवला असं सांगितलं जातं. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे रानसशामागे कुत्रा घालणं हा गुन्हा आहे. त्यामुळे लर्चरची पिल्लं इथे आणण्याला किंवा शर्यतीच्या हौसेपायी कारवानीत ग्रेहाउंडचं रक्त मिसळण्याला काहीच अर्थ नाही. ब्रिटिशांना गरजेपोटी संकर करावा लागला. आपल्याकडे कोरड्या, तापत्या माळासाठी तयार झालेलं शुद्ध रक्त अजून शिल्लक आहे आणि ते जपणं हेच काम आहे.

शेवटी निवड

तर सर्वगुणी लर्चर कोणता? आजच्या इंग्लंडमध्ये, परवानगीच्या शेतावर रॅबिट धरणाऱ्यासाठी उत्तर अवघड नाही. कुंपणांचा, छोट्या वावरांचा भाग असेल तर बेडलिंग्टन-व्हिपेट. मोकळी कुरणं आणि रात्रीचं काम असेल तर 23 ते 25 इंचांचा कॉली-ग्रेहाउंड, आणि तो पहिल्याच संकरातला. वेग थोडा कमी पडला तरी चालेल. हाकेला परतणारा कुत्रा पाच वर्षांनीही धडधाकट असतो. सालुकी, डिअरहाउंड आणि बुल यांचे संकर देखणे असतील, पण आता त्यांच्याजोगं काम नाही. कामाशिवायचा कुत्रा स्वतःचं काम शोधतो, आणि ते बहुधा शेजाऱ्याच्या मेंढरांत सापडतं.

पिल्लू आईसोबतच पाहून घ्यावं. इंग्लंडमध्ये 2020 पासून सहा महिन्यांखालची पिल्लं व्यापारी दलालाने विकायला बंदीच आहे. आईबाप काम करताना पाहावेत, कॉली किंवा बेडलिंग्टनच्या रक्ताची आनुवंशिक तपासणी मागावी, आणि विकणारा टाळाटाळ करत असेल तर परत फिरावं. ज्याच्याकडे शेताची परवानगी नाही किंवा रोज दोन तास नाहीत, त्याने पिल्लू घेऊच नये. त्याने आश्रयगृहातला प्रौढ लर्चर आणावा. हा कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो, आणि त्यातली शिकारीची वर्षं निम्मीच. उरलेल्या वर्षांत त्याला सांभाळण्याची तयारी ज्याची आहे, त्यानेच लर्चर पाळावा.